नवरी पांढऱ्यात कशी?

सांगलीला गेले की कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच. गेल्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी चहाचा कप खाली ठेवून विचारले, "तिकडे नवरीला पांढरे कपडे घालतात म्हणे, ते अशुभ नाही का वाटत?" मी गेली सतरा वर्षे इंग्लंडमध्ये लग्नाचे गाऊन मापाला बसवून देण्याचे काम करते, तेव्हा हा प्रश्न माझ्याच वाट्याला यावा हे रास्त आहे. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात तिथेही नवरीचा हा रंग फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्य इंग्रज घरातली मुलगी तिच्याजवळचा सर्वांत चांगला पोशाख लग्नात घालत असे. तो निळा, तपकिरी, करडा असा कोणत्याही रंगाचा असे आणि पुढे कित्येक वर्षे रविवारी चर्चला जाताना तोच अंगावर चढे. चिखलाच्या रस्त्यांच्या आणि कोळशाच्या धुराच्या त्या देशात पांढरे रेशीम एक दिवस मिरवून पेटीत ठेवणे कोणाला परवडणार? राजघराण्यात रुपेरी जरीचा थाट असे. राजकन्या शार्लटचा १८१६ सालचा लग्नाचा पोशाख तसाच होता. १० फेब्रुवारी १८४० रोजी अल्बर्टशी लग्न करताना व्हिक्टोरिया राणीने तो थाट बाजूला ठेवून पांढरे साटिन निवडले. साटिन लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेले होते, आणि त्यावरची लेस डेव्हन परगण्यातल्या बिअर नावाच्या गावात दोनशेहून अधिक बायकांनी काही महिने खपून हाताने केलेली होती. यंत्राच्या स्वस्त लेसमुळे या बायकांच्या पोटावर पाय आला होता, त्यामुळे राणीच्या अंगावर ती लेस दिसणे ही त्यांच्या धंद्याची मोठी जाहिरातच ठरली. राणीच्या करवल्याही पांढऱ्यातच होत्या. आज मात्र पाहुणीने पांढरे घातले तर नवरीकडच्या बायका वर्षभर तो विषय सोडत नाहीत.

पावित्र्याची गोष्ट या रंगाला मागाहून चिकटली, आणि तीही फार लवकर. नऊ वर्षांनी, १८४९ साली, अमेरिकेतल्या स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकाने पांढरा हा कुमारिकेच्या निरागसतेचा रंग असून ही चाल पुरातन काळापासून आहे, असे बेधडक छापून टाकले. पुरातन काळ इतक्या झटपट तयार होतो, हे मला या धंद्यात आल्यावर कळले. पुढे याच समजुतीपायी पुनर्विवाह करणाऱ्या विधवेने पांढरे घालू नये, बुरखावजा जाळीही घेऊ नये, करड्या किंवा फिक्या जांभळ्या रंगात उभे राहावे, असा दंडक पडला. म्हणजे काकूंना ज्या रंगात विधवा दिसते, तो रंग तिथल्या विधवेला नाकारला गेला होता.

युरोपातसुद्धा हे कोडे सरळ नाही. फ्रान्सच्या राण्या पूर्वी दुखवट्यात पांढरे घालत, आणि तरीही स्कॉटलंडच्या मेरीने १५५८ साली पॅरिसला फ्रान्सच्या युवराजाशी लग्न करताना पांढराच पोशाख केला, असे सांगतात. अडीच वर्षांत नवरा गेला. शोकाच्या पांढऱ्या वस्त्रांतले तिचे चित्र आजही पाहायला मिळते.

आणि आपल्याकडे तरी काय? आमच्या घरात पणजीचा एक फोटो आहे, केशवपन झालेली, डोक्यावरून पदर घेतलेली. ती नेसली आहे ते आलवण, आणि आलवण तांबडे असते. फोटो कृष्णधवल असल्यामुळे ते मुलांना मुद्दाम सांगावे लागते. लाल म्हणजे शुभ आणि पांढरे म्हणजे अशुभ, हा हिशेब आमच्या भिंतीवरच चुकतो.

प्रत्यक्षात माझ्या टेबलावर शुभ्र पांढरा गाऊन क्वचितच येतो. तो रंग बहुतेकींच्या चेहऱ्यावर निळसर उतरतो, म्हणून मुली हस्तिदंती छटा घेतात. माझा निम्मा वेळ मागे लोळणाऱ्या घोळावर जातो. त्याला तिथे ट्रेन म्हणतात आणि आमच्या आईला वाटायचे, मी रेल्वेत कामाला आहे. १९८१ साली डायनाचा २५ फुटांचा घोळ बग्गीत दाबून बसवावा लागला आणि ती उतरली तेव्हा टाफेटा चुरगळलेला साऱ्या जगाने पाहिला. आमच्या गिऱ्हाइकांचा घोळ चार-पाच फुटांचा असतो; चर्चमध्ये तो पसरतो, पण नंतर नाचताना पायात येतो, म्हणून कमरेखाली कापड मढवलेली बारीक बटणे आणि घोळाच्या आतून फास लावून तो वर उचलण्याची सोय करावी लागते. फासांना मी क्रमांकाच्या चिंध्या शिवते, कारण ऐन वेळी ते लावायला मावशी नाही तर मैत्रीण असते आणि तिचे हात थरथरत असतात.

तिथल्या एका जुन्या यमकानुसार नवरीच्या अंगावर काहीतरी जुने, काहीतरी नवे, काहीतरी उसने आणि काहीतरी निळे असावे, शिवाय बुटात सहा पेनीचे चांदीचे नाणे. ते नाणे १९८० साली चलनातून गेले, तरी मुली कुठून तरी मिळवून आणतात. निळी फीत मी आतल्या अस्तराला शिवून देते.

मागच्या उन्हाळ्यात एक मराठी मुलगी आईला घेऊन आली. नवरा इंग्रज. आई नाशिकची, पांढऱ्यावर नाराज. "ताई, निदान हिरवा चुडा तरी घालू दे म्हणावं," एवढे बोलून ती गप्प बसली. मुलीने चुड्याला होकार दिला आणि "काहीतरी जुने" म्हणून आईकडे तिची मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री मागितली. आईने दुसऱ्या खेपेला स्वतः पदराचा वीतभर तुकडा कापून आणला. जुने सूत उसवत होते, त्यामुळे कडा दुमडून हातानेच टाके घातले आणि तो डाव्या बाजूला, छातीजवळ अस्तराखाली बसवला. गाऊन अंगावर चढवून पाहिला, तर हस्तिदंती साटिनमधून पिवळी छाया उमटत होती. मी मध्ये आणखी एक अस्तर घातले. आईने खिडकीशी नेऊन उजेडात दोनदा पाहिले आणि मग बांगड्यांचे माप घ्यायला मुलीचा हात हातात घेतला.