झाडंच हायेत

"आत काय बघायचंय मॅडम? नुसती झाडंच हायेत." छत्रपती संभाजीनगरातल्या (औरंगाबाद) दिल्ली गेटजवळ रिक्षा थांबवताना भाऊ अगदी सहज बोलून गेले. दिवसभर ते वाक्य मनातून जाईना.

हिमायत बाग. सतराव्या शतकातली मुघल बाग, सुमारे ३०० एकरांची. इथल्या गर्द आमराईत शिरलं की बाहेरचे हॉर्न मागे पडतात आणि उन्हाची धग एकदम उतरते. आज इथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे. म्हणजे बादशाही काळातली बाग अजून कामाला आहे, आणि मला या जागेचं हेच सगळ्यात जास्त आवडतं. समोरच सलीम अली सरोवर, मुघलांच्या काळातला खिजरी तलाव. पाणी आणि सावली अशी शेजारी शेजारी, तीही शहरातच!

बीबी का मकबरा, पाणचक्की आपण पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. बागेकडे मात्र कुणी नेत नाही. टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्यात चारशे वर्षांच्या आसपास टिकलेली हिरवाई हासुद्धा वारसाच ना?

तुमच्यापैकी कुणाच्या दारातलं आंब्याचं कलम हिमायत बागेतलं आहे? कसं आलंय?