यू नसलेला क्यू: यादी कुठवर आली

ज्यांत क्यूच्या लगेच पुढे यू येत नाही असे इंग्रजी शब्द गोळा करायचं काम या पावसाळ्यात बरंच पुढे सरकलं. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, खेळणाऱ्यांना कारण सांगायला नको. १०० टाइल्समध्ये क्यू एकच, त्याचे गुण १०, आणि यू फक्त ४. ते चारही पटावर गेले की क्यू हातात अडकून बसतो.

एबीसीडीच्या क्रमाने पाठ करणं सोडून मी आता मुळानुसार गट पाडलेत, आणि शब्द पक्के बसताहेत.

सगळ्यात मोठा गट अरबीतल्या काफ या अक्षराचा. फकीर, तलाक, काझी, कव्वाल, बुरखा. रविवारी नागपूरच्या धरमपेठेत खेळायला बसलो असता यादी वाचून दाखवली, तर शेजारचा म्हणाला, "हे तं आपलेच शब्द होत ना बे!" खरंच आहे. ताजबागच्या उरुसात कव्वाली ऐकलेल्या माणसाला क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल वेगळा शिकावा लागत नाही. बुरख्यात तेवढा आपला ख आडवा येतो, तिथे सांभाळायचं.

यातला माझा सर्वात लाडका क्यू-ए-एन-ए-टी, कनात. तंबूची नव्हे, ही इराणातली जमिनीखालची पाण्याची वाट. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खणायची, तिथून अगदी किंचित उतार देत बोगदा गावापर्यंत आणायचा. वरून ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी, हवेसाठी आणि गाळ उपसण्यासाठी. पंप लागत नाही, आणि पाणी जमिनीखालीच असल्याने उन्हाने आटत नाही. बुऱ्हाणपूरचा १६१५ सालचा कुंडी भंडारा याच पद्धतीचा. अर्थ इतका डोळ्यांसमोर उभा राहिला की स्पेलिंग निसटत नाही.

गंमत म्हणजे लॅटिन क्यू आणि अरबी काफ ही एकाच घरची भावंडं. दोघांचं मूळ फिनिशियन लिपीतलं कोफ हे अक्षर. हिब्रूत त्याला आजही कोफच म्हणतात आणि तो शब्द, क्यू-ओ-पी-एच, स्क्रॅबलमध्ये चालतो. यूची जोडी ही लॅटिनची सवय. १०६६ साली फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर त्यांच्या लेखनिकांमुळे ती इंग्रजीत रुजली. त्याआधी इंग्रज आपल्या राणीचा शब्द सी-डब्ल्यूने लिहीत. म्हणून यूविना क्यू दिसला की तो शब्द बहुधा बाहेरून आलाय असं समजावं.

चिनी गट लहान, पण क्यू-आय त्यातलाच. उच्चार ची, अर्थ प्राणशक्ती. अवघी दोन अक्षरं, त्यामुळे खेळात याच्याइतका कामाचा दुसरा नाही. हे स्पेलिंग पिनयिनचं, म्हणजे चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहायच्या १९५८ सालच्या पद्धतीचं.

इन्युइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आर्क्टिक प्रदेशातल्या लोकांच्या भाषेतला गट अजून कच्चा आहे. क्यू-आय-व्ही-आय-यू-टी म्हणजे मस्क-ऑक्स या तिकडच्या केसाळ जनावराची आतली मऊ लोकर, यू-एम-आय-ए-क्यू म्हणजे कातड्याची उघडी होडी. पुढे शेवटी क्यू येणारे घेतोय. एस-यू-क्यू, अरबी बाजार, हाताशी आहे. तुमच्याकडे या शेपटीचे आणखी असतील तर अर्थासकट पाठवा.