मे महिन्यातली ओल

जालन्याला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी माझं शेड आहे. काम गाड्यांच्या बॉडीचं. टेम्पोचा फाळका, रुग्णवाहिकेचं फ्लोअर, शाळेच्या बसची बाकं, ऊसतोडीच्या हंगामाआधी ट्रॉल्यांचे पत्रे, हाताला येईल ते. कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, मात्र क्वचितच. २०२१ साली राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, तेव्हापासून अधूनमधून कुणाचा तरी फोन येतो. जुन्या गाडीत पलंग आणि ओटा बसवून मिळेल का विचारतात, आकडा ऐकतात आणि परत फोन करत नाहीत. त्यामुळे ऐन मे महिन्यात गाडीमागे ओढायचा अख्खा ट्रेलर दारात उभा राहिला, तेव्हा शेजारच्या गॅरेजमधली पोरं हातातला पाना खाली ठेवून बघायला आली.

मालक निवृत्त शिक्षक. राहायला छत्रपती संभाजीनगरला, मूळ गाव पैठणच्या बाजूला. ट्रेलर सेकंडहँड घेतलेला. घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही आपल्या मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं नवराबायकोनं त्याच्याच जिवावर केलेली. आषाढीला नाथांची पालखी पैठणहून निघाली की गावच्या दिंडीबरोबर हा ट्रेलर पंढरपूरपर्यंत जातो. मुक्कामावर उभा केला की थकलेली म्हातारी माणसं आत पाठ टेकतात, ओट्यावर चहा होतो. पालखी तोंडावर आलेली, आणि फ्लोअर गेलेलं.

"ओट्यापुढं उभी होते, चहाचं आधण ठेवलं, अन् टाच खालीच गेली की माझी," काकू म्हणाल्या.

काकांचं निदान तयार होतं. छत गळतंय. मागच्या पावसाळ्यात लई पाऊस झाला, तेव्हाच पाणी मुरलं. त्या समजुतीनं त्यांनी कुणाकडून तरी छतावर सिलिकॉनचे जाडजाड पट्टे मारून घेतले होते. एक ट्यूब जिथं पुरली असती तिथं डझनभर संपवल्या असतील. तरी तळ मऊ पडतच गेला.

आत गेलो. दारापाशी पाय ठाम पडत होता. ओट्याजवळ आलं की तळाच्या प्लायवर चिकटवलेलं व्हिनाइल दबायचं आणि पाय उचलला की सावकाश वर यायचं. कुबट वास. ओट्याखालचा खालचा ड्रॉवर पूर्ण बंद होत नव्हता, एका बाजूला तिरका अडत होता. काकूंना वाटायचं चॅनेल खराब झालंय. मी टेप लावून बघितलं तर ओट्याचा मागचा पाय पुढच्यापेक्षा बोटभर खाली गेलेला. चॅनेल ठणठणीत होतं, खालचा प्लाय बसला होता.

अशा कामात टोचा फार उपयोगी. व्हिनाइल उचलायचं, टोचा हलकासा दाबायचा. चांगल्या प्लायवर टोक टक् करून थांबतं. सडक्या प्लायमध्ये आवाज न करता शिरतं. टोचत टोचत चारी बाजूंनी बाहेर सरकायचं, कठीण लाकूड लागलं तिथं खडूची खूण करायची. खुणा जोडल्या तेव्हा ओट्याच्या मागच्या कोपऱ्यापासून पलंगाच्या कडेपर्यंत एक लांबट आकार तयार झाला. सगळ्यात मऊ जागा त्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. मला तिथंच शंका आली. छतातून आलेलं पाणी भिंतीच्या पॅनेलमधून उतरतं, भिंतीवर कुठं ना कुठं पोपडा धरतो, सनमायका फुगतो. इथं भिंत कोरडी आणि तळ कुजलेला.

तरी काकांचं समाधान व्हायला हवं होतं. पाण्याची टेस्ट घेतली. पाइप घेऊन खालून वर जायचं, हे बरेच जण उलटं करतात. आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, सगळ्यात शेवटी छताचे सांधे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून आत आलं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मे महिन्यात जालन्यात टँकरचं विकतचं पाणी पत्र्यावर मारताना माझा जीव तुटत होता. आत माझा पोऱ्या टॉर्च घेऊन बसलेला. थेंब नाही. डझनभर ट्यूबांचं सिलिकॉन म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सावलीत बसून चहा घेताना काकू सहज बोलल्या, "रातच्याला तो पंप मधीच टुर्र करतो. हे म्हणतात, सवय हाय त्याची."

मी कप खाली ठेवला.

ट्रेलरमधला पाण्याचा पंप बॅटरीवर, बारा व्होल्टवर चालतो. त्याला प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की पाइपमधला दाब उतरतो, पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब भरतो, पंप थांबतो. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच वाजला, म्हणजे दाब कुठून तरी उतरतोय. पाणी बाहेर चाललंय, दुसरा अर्थ नाही.

टाकी भरली, पंप चालू केला, नळ सगळे घट्ट बंद. घड्याळाकडे बघत बसलो. काकाही बसले, वर्गात कुणाची तरी खोडी पकडायची असल्यासारखे गप्प. थोड्या वेळानं, टुर्र. थांबला. परत थोड्या वेळानं, टुर्र. मग एकेका जोडाला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा गुंडाळला. पंपाकडचे तुकडे कोरडे, बेसिनकडचे कोरडे. ओट्याच्या मागं, ड्रॉवर पूर्ण काढल्याशिवाय दिसतच नाही अशा ठिकाणी एक एल्बो, पाइप वळवायचा काटकोनी जोड, होता, त्याचा कागद काळपट झाला. टॉर्च तिरपा धरला तेव्हा एल्बोच्या मानेवर केसाएवढी चीर दिसली. तिच्यावर थेंब फुगायचा, लोंबायचा, पाइपवरून घसरत ओट्याच्या मागच्या पायावर जायचा आणि तिथून व्हिनाइलच्या कडेखाली.

सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी होतं. एवढं काही तिथून जात नव्हतं, पण पंप चालू ठेवून महिनोन् महिने जायचं.

ज्यानं हा ट्रेलर बांधला त्यानं घरातला सीपीव्हीसी पाइप वापरला होता, सोल्युशन लावून चिकटवलेला, जागच्या जागी ताठ. घराच्या भिंतीत तो उत्तम, कारण भिंत हलत नाही. ट्रेलर खड्ड्याखड्ड्याला हलतो, आणि आपल्याकडच्या रस्त्यांबद्दल मी वेगळं काय सांगू. ताठ पाइपला वाकता येत नाही, मग तो सगळ्यात अडलेल्या जागी तडकतो. तिथं लवचीक पाइप आणि क्लॅम्प हवेत, आणि थोडी ढील हवी. बांधणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. दुकानात जे पडून होतं ते लावलं असणार.

पाणी सापडलं, आता करवत. आधी गॅसची टाकी बाहेर काढून लांब ठेवली, बॅटरीची टर्मिनलं सोडली, बाहेरची विजेची लाइन काढली. तळाचा प्लाय बारा एमएमचा. मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून त्याची खोली बरोबर तेवढीच बांधली, कारण खाली काय गेलंय याचा नेम नसतो. निघालीच शेवटी, टेललॅम्पची वायर, प्लायला अगदी चिकटून. रेष मारतानाही सडक्या भागाच्या कडेवर मारली नाही. पलीकडं चांगल्या लाकडात हातभर सरकून, खालच्या क्रॉस पाइपच्या, म्हणजे तळाला आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी पाइपच्या, बरोबर मध्यावर मारली. नव्या तुकड्याला आणि जुन्या प्लायला, दोघांनाही टेकायला लोखंड मिळालं पाहिजे. नाहीतर सांधा अधांतरी राहतो आणि दोन महिन्यांत व्हिनाइलवर रेघ उमटते. कोपऱ्यात कटर पोचत नाही, तिथं पटाशी.

तुकडा उचलला तर अर्धाच हातात आला. थर सुटे झालेले. काकांनी एक थर बोटांनी सोलून बघितला आणि म्हणाले, "भिजलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असाच सुटतो."

प्लायखाली थर्माकोल, थर्माकोलखाली तळाचा पत्रा. आमचे वेल्डर मामू थर्माकोलची शीट काढायला वाकले आणि थांबले. "मिस्त्री, ये तो तालाब निकला."

पत्र्यावर पाणी उभं होतं. बाहेर ऊन असं की पाना उघड्यावर राहिला तर फडक्यानं धरावा लागतो, गावात नळाला पाणी कधी येईल ते महानगरपालिकेलाच ठाऊक, आणि या ट्रेलरच्या पोटात पाणी साठलेलं. काकू पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. काका म्हणाले, "एवढ्या उन्हात वाळलं कसं नाही?"

वाळणार कुठून? वर व्हिनाइल, भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं, कडा सिलिकॉननं बंद. खाली पत्रा, त्याला एक छिद्र नाही. दोन्ही बाजूंनी दार लावलं की ऊन कितीही असो, ओल आतच. उलट उष्णतेनं बुरशीला बरंच. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशी धरते, मग ते कोकण असो नाहीतर जालना. व्हिनाइलच्या कडा बंद करताना कुणीतरी चांगल्याच हेतूनं केलं असेल, वरचं पाणी खाली जाऊ नये म्हणून. खालचं पाणी वर येऊ शकणार नाही, याचा विचार राहिला.

ओला थर्माकोल सगळा बाहेर काढून टाकल्याशिवाय मामूंनी वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला नाही. थर्माकोल पेट घेतो आणि त्याचा काळा धूर कोंडलेल्या जागेत जीवघेणा. ओलं पोतं आणि पाण्याची बादली हाताशी. क्रॉस पाइपना गंज चढला होता पण पोटातून खाल्लेले नव्हते. वायर ब्रश मारला, वर गंज रोखणारं रेड ऑक्साइड. मूळ पाइप दोन-दोन फुटांवर होते आणि पलंगाखालची टाकी नेमकी दोन पाइपांच्या मधल्या प्लायवर टेकलेली. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, चालत्या गाडीत उसळणारं. तिथं आणि ओट्याच्या पायाखाली मामूंनी आडवे पाइप वाढवून दिले. जालन्यात लोखंडाच्या पाइपसाठी कुठं लांब जावं लागत नाही, तेवढं एक बरं. तळाच्या पत्र्याला सखल जागी छिद्रं पाडली, आतून जाळी लावली.

प्लायवरून काकांशी थोडं वाजलं. ते ओळखीच्या दुकानातून "मरीन" म्हणून स्वस्तात आणणार होते. मरीन कुणीही तोंडानं म्हणतं, शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहिजे. तो प्लाय बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी कसोटी आहे. आयएस ३०३ चा प्लाय घरातल्या कपाटाला चालतो, इथं नाही. आणि मरीन आणला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, हेही मी त्यांना सांगितलं. त्यातला डिंक पाण्याला दाद देत नाही, लाकडाला औषधही दिलेलं असतं, पण कायम पाण्यात बसवलं तर लाकूड शेवटी लाकूडच. कापलेल्या कडा हे त्याचं उघडं तोंड. कडांना आणि खालच्या बाजूला इपॉक्सीचे, म्हणजे कालवल्यावर घट्ट होणाऱ्या राळेचे, दोन हात द्यायचे.

इपॉक्सीनं मात्र त्या दुपारी आमची परीक्षा बघितली. पोऱ्यानं एकदम मोठा मग भरून कालवला. उन्हाळ्यात मगात दाटून राहिलेलं इपॉक्सी स्वतःच तापतं. बघता बघता मग हातात धरवेना, कडेनं धूर यायला लागला आणि आत दगड. पुढचं सगळं ऊन उतरल्यावर, थोडं थोडं कालवून, पसरट ताटलीत.

बारा एमएमचा नवा प्लाय मोजला तर साडेअकरा भरला. हे आता नेहमीचंच. पाइपवर पातळ पॅकिंग देऊन जुन्या प्लायच्या पातळीला आणला, सांध्यात दोन एमएमची फट ठेवून ती पीयू सीलंटनं भरली, वीत-वीत अंतरावर स्क्रू, डोकी खाली बुडवून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. ओट्याचा पाय परत जागेवर आला आणि काकूंनी आधी ड्रॉवर ढकलून बघितला. गेला आत, टक्कन.

व्हिनाइल दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत टाकलं. रात्रभर शेडमध्ये सपाट पसरून ठेवलं होतं. तापलेलं, फुगलेलं व्हिनाइल चिकटवलं की थंडीत आक्रसतं आणि कडा सोडतं. भिंतीच्या कडेला सिलिकॉन मारलं नाही, नुसती बीडिंग पट्टी, स्क्रूवर, कधीही काढता येईल अशी. आणि ओट्याखाली, ड्रॉवरच्या मागं, तळहाताएवढं झाकण ठेवलं. ड्रॉवर काढायचा, झाकण उघडायचं, आत बोट फिरवायचं.

काकांना ते झाकण आवडलं नाही. नव्याकोऱ्या फ्लोअरला भोक कशाला? काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." आणि विषय संपला. पंपाचं बटण मी दारापाशी घेतलं, लाल दिव्यासकट. ट्रेलर सोडून जाताना आणि रात्री झोपताना पंप बंद.

पालखीच्या वाटेवरून एकदा सकाळीच काकांचा फोन आला. "मिस्त्री, रातच्याला पंप वाजला."

"बंद करायला सांगितलं होतं ना?"

"म्हाताऱ्या माणसांना रात्री पाणी लागतं, चालूच ठेवतो मी. हिनं उठून ड्रॉवर काढला, झाकण उघडलं, आत हात घातला. कोरडं. मग बेसिनपाशी गेली तर दिंडीतल्या एका आजींनी नळ अर्धवट सोडलेला."

"मग फोन कशाला केला काका?"

"ही म्हणती, तसंच एक झाकण टाकीपाशी बी करून द्या."