बॅटरी बाहेर, मगच हात आत

बॅटरीवरचं करवतीचं मशीन खोक्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि पहिली पंधरा मिनिटं त्याचं डोकंच वर उचलता येईना. पात्याचा हात खाली दाबलेल्या अवस्थेत अडकून बसलेला. जोर लावून पाहिला, मागचेपुढचे सगळे लिव्हर फिरवून पाहिले, एखादी चावी राहिली का म्हणून खोकं उलटं करून झटकलं. शेवटी नाइलाजाने माहितीपुस्तिका उघडली. वाहतुकीत डोकं हलू नये म्हणून बाजूला एक पिन घातलेली असते. हात आधी थोडा आणखी खाली दाबायचा, म्हणजे पिनेवरचा ताण जातो आणि ती दोन बोटांनी निघते. मी पंधरा मिनिटं वर ओढत होते, म्हणजे पिनेला आणखी घट्ट बसवत होते.

मला फोटोच्या चौकटी करायच्या होत्या. हाताच्या करवतीने ४५ अंशांचा काप एखादा जमायचा, पण एका चौकटीला आठ लागतात. म्हणून हा बॅटरीवरचा स्लायडिंग मायटर सॉ घेतला, म्हणजे नेमक्या कोनात कापणारी, डोकं पुढेमागे सरकणारी गोल पात्याची करवत. १८ व्होल्टचा, पातं २१६ मिलिमीटरचं. (काही बॅटऱ्यांवर २० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याने मी बराच गोंधळ घालून घेतला. आत तेच पाच सेल असतात. प्रत्येकी ३.६ धरले की १८, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या सेलचे साधारण ४ धरले की २०.)

माझ्या नशिबाने शेजारचे काका मदतीला आले. त्यांची सगळी हयात सुतारकामात गेली आहे. मी मोठ्या उत्साहाने त्यांना मशीनचं टेबल फिरवून कोन दाखवत होते. एक हात मुठीवर, दुसरा पात्याजवळचा भुसा झाडतोय.

"बॅटरी कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"मशीनमध्येच आहे की."

"आणि तुझा हात कुठे आहे?"

मी हात मागे घेतला. काका म्हणाले, वायरच्या मशीनचा प्लग काढला की तो डोळ्यांसमोर लोंबत राहतो. हे मशीन बंद असो की तयार असो, दिसायला सारखंच. ट्रिगरला चुकून बोट लागलं तरी पातं फिरणार. माझ्या मशीनला ट्रिगरसोबत अंगठ्याने दाबायचं वेगळं बटण आहे, पण मूठ धरली की अंगठा आपसूक तिथेच जातो. तेव्हापासून पातं बदलायचं असो, अडकलेली ढलपी काढायची असो की टेबल पुसायचं असो, बॅटरी आधी बाहेर. आणि तीही कुठेतरी बाजूला नाही, तर पेन्सिली ठेवायच्या डब्याच्या झाकणावर, माझ्या नजरेसमोर. झाकण रिकामं दिसलं की हात टेबलाकडे जात नाही. खिळे-स्क्रूच्या डब्यात मात्र बॅटरी टाकायची नाही. टोकांमध्ये धातू आडवा आला तर शॉर्ट होते.

पातं बदलण्याचा प्रसंग सांगायलाच हवा. मशीनसोबत आलेलं पातं २४ दातांचं होतं. फळ्या झपाट्याने कापायला ठीक, पण चौकटीच्या कडा कुरतडल्यासारख्या निघत होत्या. म्हणून ६० दातांचं, पातळ पातं आणलं. पातळ एवढ्यासाठी की खाच अरुंद पडते, लाकूड कमी खाल्लं जातं आणि बॅटरीवर ताण कमी येतो. घेताना तीन गोष्टी जुळवल्या: व्यास, मधलं भोक, आणि पात्यावर छापलेला जास्तीत जास्त वेग मशीनच्या वेगापेक्षा वरचा आहे ना. दातांचा कलही पाहिला. मायटर सॉला मागे झुकलेल्या, म्हणजे उणे कोनाच्या दातांचं पातं बरं. ते लाकडाला हिसका देऊन ओढत नाही.

मग पात्याचा आस अडकवून धरणारं बटण दाबून धरलं, अ‍ॅलन की लावली आणि नेहमीसारखी डावीकडे फिरवली. बोल्ट हलेना. अजून जोर. बोल्टाचं डोकं गुळगुळीत व्हायच्या आत काकांनी माझं मनगट धरलं. माझ्या मशीनला उलटे आटे आहेत, आणि बहुतेक मायटर सॉना तसेच असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो. पातं फिरताना बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही सोय. नवं पातं बसवताना त्यावरचा बाण आणि गार्डवरचा, म्हणजे पात्यावरच्या संरक्षक झाकणावरचा बाण एकाच दिशेला आहेत हे पाहिलं. पुढचे दात खाली येतात आणि तळाशी मागे, फेन्सकडे (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीकडे) जातात. म्हणजे पातं स्वतःच लाकडाला टेबलावर आणि फेन्सवर दाबतं. पातं उलटं बसलं तर हे सगळंच बिघडेल. मग बॅटरी बाहेरच ठेवून डोकं हाताने खाली आणलं, सरळ कोनात, ४५ मध्ये आणि बाजूला कलवून तिरकं करूनही. पातं हाताने फिरवलं. तिरकं करताना फेन्सचा वरचा भाग बाहेर सरकवावा लागतो. तो मी विसरले होते आणि दात ॲल्युमिनियमला टेकले. मशीन चालू असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

मशीन चार बोल्टांनी बाकाला आवळलं. दोन्ही बाजूंना टेबलाच्याच उंचीचे ठोकळे ठेवले, कारण लांब पट्टीचं टोक लोंबलं की काप संपताना ती पात्याला चिमटते.

यानंतरचं काम मला सगळ्यांत आवडलं: मशीन गुण्यात आणणं. कोन दाखवणारा काटा शून्यावर होता, खाचेत टक्कन बसलाही होता. तरी गुण्या लावला तर एका टोकाला उजेडाची बारीक फट दिसली. गुण्या पात्याच्या सपाट अंगाला लावायचा, दातांना नाही. दात अंगापेक्षा रुंद असतात, ते फसवतात. काकांनी आणखी एक युक्ती दाखवली. रुंद फळी कापायची, एक तुकडा तळ वर करून पालथा घालायचा आणि दोन्ही कापलेल्या कडा सरळ पट्टीला टेकवून भिडवायच्या. चूक असेल तर दुप्पट होऊन दिसते. माझ्या फळीत जाड कागद जाईल एवढी फट होती. फेन्सचे बोल्ट सैल केले, केसभर सरकवलं, आवळलं, पुन्हा कापलं. पाचव्या खेपेला फट गेली. मग काटा शून्यावर आणून त्याचा स्क्रू घट्ट केला. आधी काटा नाही, आधी फेन्स.

कापायच्या आधी: चष्मा, कानांवर मफ, नाकावर बारीक धूळ अडवणारा एफएफपी२ मास्क. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं आहे, त्यामुळे मास्कच्या बाबतीत मी कंटाळा करत नाही. मशीनला पिशवी असते, पण तिच्यात जाण्याऐवजी भुसा माझ्याच केसांत जास्त जातो. केस बांधलेले, बाह्या वर, हातातलं कडं काढलेलं. हातमोजे नाहीत. मला आधी वाटायचं मोजे म्हणजे सुरक्षा, पण फिरत्या पात्याने कापडाचं टोक पकडलं की हातही सोबत जातो.

हात पात्यापासून १५० मिलिमीटर लांब. टेबलावर दोन्ही बाजूंना रंगीत टेप लावून टाकली, अंदाज करायला नको. उजव्या बाजूचं लाकूड डाव्या हाताने धरायचं नाही, हातांची कैची होते. शक्यतो क्लॅम्प. आखूड तुकडा हवा असेल तर तो लांब पट्टीतून कापून घ्यायचा, आखूड तुकड्यालाच पुन्हा कापायला जायचं नाही. वाकडी पट्टी असेल तर फुगीर बाजू फेन्सला टेकवायची, म्हणजे कापाच्या जागी मागे पोकळी राहत नाही.

पहिला काप सुरेख गेला. पातं पूर्ण वेगात येऊ दिलं, मग सावकाश खाली. दुसऱ्या कापाला शहाणपण नडलं. काप पूर्ण होताच मी मशीनचं डोकं वर उचललं, पातं अजून फिरत होतं. बोटभर रुंदीची कापलेली चकती दातांना लागली, फेन्सवर आपटली आणि माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या भिंतीवर टाळी वाजवल्यासारखी पडली. आता ट्रिगर सोडते, डोकं खालीच धरून ठेवते, पातं थांबेपर्यंत मनात तीन आकडे मोजते आणि मगच उचलते. ब्रेक असल्याने फार थांबावं लागत नाही.

रुंद फळी कापताना डोकं आधी आपल्याकडे ओढायचं, मग खाली दाबायचं आणि मागे ढकलत कापायचं. ओढत कापलं तर पातं लाकडावर चढून अंगावर येतं. पारदर्शक गार्डवर भुसा बसून दिसेनासं होतं, तेव्हा गार्डच वर बांधून ठेवायचा मोह होतो. मी कापडाने पुसते. डोकं वर गेलं की गार्ड स्वतःहून पूर्ण मिटतो का, हे रोज एकदा पाहते.

एकदा जाड लाकडात मधेच मशीन गप्प झालं. बॅटरी तापली होती, आणि मी दाबतही जास्त होते. ट्रिगर सोडला, बॅटरी काढली, मग पातं खाचेतून वर घेतलं. गरम बॅटरी चार्जरला लावली तर तो नुसताच दिवा मिचकावत राहिला. ती गार झाल्यावरच चार्जिंग सुरू झालं.

पहिल्या चौकटीचा चौथा कोपरा उघडा राहिला. काप अर्ध्या अंशाने चुकला तर आठ कापांत चार अंश होतात, हे मला तिथे कळलं. शिवाय समोरासमोरच्या पट्ट्या एकसारख्या लांबीच्या नव्हत्या. मग फेन्सला एक ठोकळा क्लॅम्प केला आणि जोडीच्या पट्ट्या त्यालाच टेकवून कापल्या. ठोकळा मी धरलेल्या तुकड्याच्या बाजूला. सुटणाऱ्या तुकड्याच्या बाजूला लावला तर तो पातं आणि ठोकळा यांच्यामध्ये अडकून उडू शकतो.

दुसरी चौकट काकांना दाखवली. त्यांनी वर्तमानपत्राचा कोपरा फाडला आणि एका सांध्यात घालायला गेले. गेला नाही. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. चौथ्यात गेला, तोही जेमतेम.

"फोटो लावल्यावर कोण बघतंय," मी म्हणाले.

"मी," काका म्हणाले.