तपकिरी पंप

जानेवारी २०२४ मधला सोमवार. मँचेस्टरच्या उत्तरेला एका गावातल्या फार्मसीत मी फार्मासिस्ट आहे. सकाळी साडेनऊला एक बाई आल्या. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या केअररचा गणवेश, आणि दम असा लागलेला की वाक्य एका श्वासात पुरं होईना. डॉक्टरांनी दम्यावर तीन औषधं लिहिली होती: निळा पंप, तपकिरी पंप आणि प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या. इंग्लंडमध्ये तेव्हा प्रत्येक औषधामागे ९.६५ पौंड भरावे लागत. तिन्हींचे झाले २८.९५. आकडा ऐकून त्या काउंटरवर थोड्या वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "यातलं कोणतं नाही घेतलं तर चालेल?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नाशिकला बाबांचं मेडिकल होतं. "पाचच गोळ्या द्या, बाकीच्या पगार झाला की नेतो," म्हणणारं कुणी ना कुणी रोज यायचं. बाबा कात्रीने पट्टी कापून द्यायचे, राहिलेले पैसे वहीत मांडायचे. इथे कात्रीचा उपयोग नाही. अठ्ठावीस गोळ्या घ्या की छप्पन, शुल्क तेच. आणि वही तर नाहीच.

खरं तर इंग्लंडमध्ये दहातली जवळपास नऊ औषधं फुकटच जातात. मुलं, साठीच्या पुढचे, गरोदर बायका, सगळ्यांना माफी. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तर हे शुल्कच नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर माणसाची बाकीची औषधंही माफ होतात. दम्याला मात्र माफी नाही, कारण माफीच्या आजारांची यादी १९६८ साली ठरली आणि दमा तिच्यात आजवर आलेला नाही. कॅन्सर आला तोही २००९ मध्ये. ज्या आजारात एक औषध चुकलं तर रात्रीत जीव जाऊ शकतो, तो या यादीत नसावा, हे मला आजही पटत नाही.

मी विचारलं, "तुम्हाला युनिव्हर्सल क्रेडिट मिळतं का?" कमी कमाई असणाऱ्यांना सरकार देतं तो हा भत्ता. मिळत होता, पदरी एक मुलगी होती. पण मूल असलं तरी महिन्याची कमाई ९३५ पौंडांच्या वर गेली की औषधांची माफी जाते, आणि त्यांची जात होती. हा नियम त्यांना पुरता ठाऊक होता. आदल्या वर्षी क्रेडिट मिळतंय म्हणजे औषध फुकट, असं समजून त्यांनी चिठ्ठीमागच्या माफीच्या चौकोनात खूण केली होती आणि दंडाचं पत्र घरी आलं होतं. पगार तासाला १०.४२, तेव्हाचं किमान वेतन. तोही कुणाच्या घरात काम चालू असेल तेवढ्याच वेळेचा. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ कुणी मोजत नव्हतं.

तपकिरी पंप त्यांनी ऑक्टोबरपासूनच सोडला होता. त्याच महिन्यात हीटिंगही बंद केलं होतं. गॅसचं मीटर आधी पैसे भरायचं; दुकानात जाऊन कार्डात पैसे भरायचे, ते रिकामं झालं की घर गार. गार भिंतीला ओल धरते, ओलीवर काळी बुरशी चढते, आणि त्याच खोलीत मायलेकी झोपतात. रॉचडेल इथून जवळ आहे. तिथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक घरातल्या बुरशीने गेला. बुरशी हा शब्द ऐकला की मला तोच आठवतो.

मी म्हटलं, "निळ्याने लगेच बरं वाटतं, पण छातीतली सूज आटोक्यात ठेवतो तो तपकिरी. सोडायचाच झाला तर हा नका सोडू." आणि त्यांनी तोच सोडला. मी तरी काय सांगणार होते? त्या घटकेला श्वास घ्यायला निळा आणि गोळ्याच हव्या होत्या. त्यांनी १९.३० भरले.

एक वाट होती. औषधांचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट काढलं की हवी तेवढी औषधं त्यात बसतात. तेव्हा तीन महिन्यांचं ३१.२५ होतं, म्हणजे हातात २८.९५ नाहीत त्यांनी आधी त्याहून जास्त द्यायचे. वर्षाचं होतं १११.६०, ते मात्र खात्यातून दहा हप्त्यांत जायचं, ११.१६ चा एक. "शुक्रवारी पगार झाला की बघते," त्या म्हणाल्या. खातं उणे होतं, आणि हप्ता परत गेला तर काय, ही भीती होती. सर्टिफिकेट काढल्यावर भरलेले पैसे परत मिळावेत म्हणून मी त्यांना एफपी ५७ ही पावती भरून दिली. ती पैसे भरतानाच मागावी लागते, नंतर मिळत नाही, आणि बहुतेकांना ती असते हेच माहीत नसतं.

तपकिरी पंपाची पिशवी फळीवर राहिली. त्या आठवड्यात तिच्याशेजारी अशाच आणखी चार होत्या. मंगळवारी, बुधवारी माझी नजर पहिल्यांदा तिथेच जायची. माझ्या खिशातून ९.६५ का भरले नाहीत, हे स्वतःला कितीदा विचारलं. पण मग त्या चार पिशव्यांचं काय करणार होते?

शुक्रवारी बंद करायला दहा मिनिटं असताना त्या आल्या. काउंटरशीच उभं राहून त्यांच्या फोनवर अर्ज भरला. सर्टिफिकेट महिनाभर मागच्या तारखेपासून घेता येतं, आम्ही सोमवारपासूनचं घेतलं. तपकिरी पंप दिला, समोर एकदा ओढायला लावला; त्या फार घाईने ओढत होत्या, पुन्हा दाखवलं. मग पावतीवर सही घेऊन सोमवारचे १९.३० गल्ल्यातून मोजून परत दिले.

त्यांनी नोटा मुठीत धरल्या, पर्समधून गॅसचं कार्ड काढलं आणि विचारलं, "समोरचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"