पंधरा वर्षांची जॅनिस आणि डॅनव्हिलचा रस्ता

गेल्या महिन्यात लेकीला गिटारच्या तारा हव्या होत्या म्हणून इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला एका जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात गेलो होतो, आणि तिचं होईपर्यंत मी सेकंडहँड सीड्यांचा खोका चाळत बसले. त्यात एक सीडी सापडली, बेअर फॅमिली नावाच्या जर्मन कंपनीची, जॅनिस मार्टिन हिची १९५६ ते १९६० मधली सगळी गाणी, एकूण तीस. नाव कधी ऐकलं नव्हतं. घेतली, गाडीत लावली आणि घरी पोचलो तरी आम्ही दोघी ड्राइव्हवेमध्ये बसूनच होतो.

सीडीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘द फीमेल एल्विस’. हे नाव तिला आरसीए या रेकॉर्ड कंपनीने दिलं होतं. एल्विस प्रेस्ली नुकताच त्यांच्याकडे आला होता, धो धो चालत होता, मग तसंच गाणारी मुलगी मिळाली की झालं. मला मात्र हे नाव खटकतंच, कारण ऐकल्यावर कळतं की ही कोणाची नक्कल नाहीये. व्हर्जिनियाची ही मुलगी लहानपणापासून गिटार घेऊन कंट्री गायची, म्हणजे इकडच्या खेड्यापाड्यातल्या गोऱ्या लोकांचं गाणं, रिचमंडच्या रेडिओवर ओल्ड डोमिनियन बार्न डान्स नावाचा लोकप्रिय कार्यक्रम असायचा त्यात होती, पण तिचा जीव रूथ ब्राउनच्या रिदम अँड ब्लूजवर, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ठेकेदार गाण्यांवर. रूथ ब्राउनही व्हर्जिनियाचीच, पोर्ट्समथची, कृष्णवर्णीय गायिका. ही दोन प्रकारची गाणी एकमेकांत मिसळली की जे होतं ते रॉकाबिली. म्हणजे हे रसायन जॅनिसमध्ये आधीपासून होतंच, कंपनीने नुसतं लेबल चिकटवलं.

मार्च १९५६ मध्ये नॅशव्हिलला पहिलं रेकॉर्डिंग झालं तेव्हा ती पंधराची, सोळावं लागायला काही आठवडे बाकी! गिटारवर चेट अ‍ॅटकिन्स, आपल्याकडे एखाद्या शाळकरी मुलीला पहिल्याच गाण्याला दिग्गज साथीदार मिळावा तसं. रेकॉर्डच्या एका बाजूला ‘विल यू, विल्यम’, त्याच्या साडेसात लाख प्रती गेल्या असं सांगतात. पण मला वेड लावलंय ते दुसऱ्या बाजूने, ‘ड्रगस्टोअर रॉक अँड रोल’, कारण ते तिने स्वतः लिहिलंय.

आता ड्रगस्टोअर म्हणजे इथलं मेडिकलचं दुकान, तर तिथे कसला नाच, असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं. पण त्या काळी औषधांच्या दुकानातच एका बाजूला सोडा फाउंटन असायचं, उंच स्टुलं, आइस्क्रीम, कोक, आणि कोपऱ्यात नाणं टाकून वाजणारा ज्यूकबॉक्स. शाळा सुटली की पोरं तिथेच. आपल्याकडे कॉलेजच्या बाहेरच्या अमृततुल्यला जे स्थान असतं ना, अगदी तेच. त्या मुलीने आपलं रोजचं जग उचललं आणि दोन-सव्वादोन मिनिटांत बसवलं, आणि गाताना आवाज मध्येच असा फुटतो की अंगावर काटा येतो. लेकीने विचारलं, हे तिने माझ्या वयाची असताना लिहिलं? म्हटलं, तुझ्याहून एकच वर्ष मोठी होती.

सीडीत पुढे कंपनीने तिला ‘माय बॉय एल्विस’ वगैरे गायला लावलंय, ते मी पुढे ढकलते. पण सगळी गाणी ओळीने ऐकली तर ती मोठी होत जाताना ऐकू येते, आवाज खाली उतरतो, दुखरा होतो. त्यामागे गोष्ट आहे. तिने पंधराव्या वर्षीच गुपचूप लग्न केलं होतं, मुलगा सैन्यात पॅराट्रूपर. १९५७ मध्ये ती अमेरिकन सैनिकांपुढे गायला युरोपच्या दौऱ्यावर गेली, नवरा तेव्हा जर्मनीत होता, भेट झाली, दिवस गेले. ‘टीनएजर’ म्हणून विकलेली मुलगी आई होणार म्हटल्यावर कंपनीने १९५८ मध्ये करार संपवला. मला याचा फार राग येतो. तिची चूक ती काय होती? सीडीच्या शेवटी शेवटी १९६० ची पॅलेट नावाच्या बेल्जियन कंपनीसाठीची गाणी आहेत आणि मग पुढे काहीच नाही, वीस वर्षांची व्हायच्या सुमारास संपलं सगळं.

मागच्या शनिवारी आम्ही डॅनव्हिलला जाऊन आलो, आमच्या कॅरीहून दीडेक तास, नॉर्थ कॅरोलायनाची हद्द ओलांडली की लगेच. तिचं मूळ गाव सदरलिन तिथून जवळच. तंबाखूचा मुलूख, आणि डॅनव्हिल म्हणजे कापड गिरण्यांचं गाव, डॅन रिव्हर मिल्स २००६ मध्ये बंद पडल्या. नदीकाठी विटांच्या त्या लांबलचक इमारती बघताना माझे आजोबा आठवले, लोअर परळच्या गिरणीत होते ते, संपानंतर तिकडे फिरकलेही नाहीत. लेक मात्र सगळा वेळ जुन्या मेन स्ट्रीटवर सोडा फाउंटन कुठे असेल ते शोधत होती.

खरं तर जॅनिसचं गाणं थांबलं नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोपातल्या लोकांनी तिच्या जुन्या रेकॉर्ड्स परत काढल्या, तिला शोधलं, आणि ती तिकडच्या फेस्टिव्हल्सना जाऊन गायला लागली. १९९५ मध्ये रोझी फ्लोरेस या गायिकेने आपल्या अल्बममध्ये तिला गायला बोलावलं, आणि २००७ च्या वसंतात त्याच रोझीने टेक्ससमधल्या ब्लँको गावी तिच्याकडून अख्खा अल्बम गाऊन घेतला. त्याच सप्टेंबरात जॅनिस गेली, ६७ वर्षांची होती, आणि गेली ती इथे डरहॅममध्येच, जिथे मला तिची सीडी मिळाली. तो शेवटचा अल्बम २०१२ मध्ये निघाला. मी मागवलाय, या आठवड्यात येईल.

तोपर्यंत घरात ड्रगस्टोअरच चालू आहे. लेकीने कान देऊन कॉर्ड्स काढल्यात, फक्त तो मधला आवाज फुटण्याचा भाग तिला अजून जमत नाहीये, रोज दार लावून करत बसते.