सासर नसलेल्या बायकांचं गाव

नायगरा बघून झाला, निळ्या रेनकोटातले फोटो भिशीच्या ग्रुपवर टाकून झाले, तरी लेकीकडे रॉचेस्टरला माझे चार आठवडे शिल्लक होते. ऑक्टोबर लागला होता, झाडं हळदी-कुंकवाच्या रंगांनी पेटली होती. एका शनिवारी जावई म्हणाले, "आई, अर्ध्या तासावर व्हिक्टर गावाजवळ गानोंडागन आहे. इथल्या मूळ लोकांचं जुनं गाव. येता?"

माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातलं चित्र: पिसांचे टोप, घोडे, निमुळते तंबू. तिथे यातलं काहीच नव्हतं. टेकडीवरच्या गवतात एकच लांबलचक, गोल पाठीचं घर उभं होतं. जुन्या नमुन्यावर नव्याने बांधलेलं, 65 फूट लांब. खरी घरं याच्या तिप्पट-चौपटही असत म्हणे. लाकडाचा सांगाडा आणि वरून एल्म झाडाच्या सालीचे पत्रे. इथले लोक स्वतःला म्हणतात होदेनोशोनी, म्हणजे 'लांब घर बांधणारे'. इरोक्वॉय हे नाव फ्रेंचांच्या तोंडून आलेलं. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका ही पाच राष्ट्रं आपसातली वैरं सोडून एकत्र आली, 1722 च्या सुमारास तस्करोरा सहावे झाले. त्यांच्या मनात हा अख्खा मुलूखच एक लांब घर. मोहॉक पूर्वेच्या दाराचे राखणदार, सेनेका पश्चिमेच्या, आणि मधल्या ओनोंडागांकडे चूल. गानोंडागन सेनेकांचं, म्हणजे आम्ही पश्चिमेच्या दारात उभे होतो.

आत शिरल्यावर अंधार डोळ्यांत बसायला वेळ लागला. मधोमध चुलींची ओळ, वर धूर जायला भोकं. दोन्ही बाजूंना फळ्यांचे माच, त्यांवर कातडी अंथरलेली, आणि त्यांच्याही वर सामानाचे फळे. एका चुलीवर समोरासमोरच्या दोन कुटुंबांचा स्वयंपाक. वर मक्याची कणसं सालींनी विणून टांगलेली. आमच्याकडे लसणाच्या वेण्या टांगतात ना, अगदी तशी. कोपऱ्यात झाडाचा बुंधा कोरून केलेलं उखळ, त्यात दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये हाताच्या मुठीएवढं बारीक असं मुसळ. मी उचलून पाहिलं आणि गुपचूप परत ठेवलं.

माहिती सांगणारी बाई सेनेकाच होती, माझ्याच वयाची. ती म्हणाली, हे घर बायकांचं. एका घरात एका आईच्या वंशाच्या बायका राहायच्या: आजी, तिच्या बहिणी, लेकी, नाती. लग्न झालं की नवरा आपलं किडूकमिडूक घेऊन बायकोच्या घरी यायचा. मुलं आईच्या कुळाची. सेनेकांची अशी आठ कुळं आहेत, लांडगा, अस्वल, कासव, बीव्हर, हरीण आणि तीन पक्षी. नवरा मात्र शेवटपर्यंत स्वतःच्या आईच्या कुळाचा. पटलं नाही, तर घर सोडून जायचं त्याने.

मी लेकीला मराठीत विचारलं, "म्हणजे सगळेच घरजावई?"

ती हसली, पण मी तिथेच अडकले. घरजावई हा आपल्याकडे शेलका शब्द. आणि सासर-माहेर नसेल, तर आपल्या जात्यावरच्या ओव्यांत उरेल काय? भाऊ न्यायला येतो, वाट लांबते, आईची सय येते, हे सगळं एका घरातून उपटून दुसरीकडे लावलेल्या बाईचं गाणं. इथे बाई उपटलीच जात नव्हती. जन्मली त्या चुलीपाशी म्हातारी व्हायची. फक्त गावंच अधूनमधून उठून दुसरीकडे जायची, जमीन थकली, जवळपासचं सरपण संपलं की.

सत्ताही त्याच चुलीतून निघायची. संघाच्या सभेत बसणारे 50 प्रमुख पुरुषच, पण त्यांना निवडायचं कुळाच्या आईने, म्हणजे कुळातल्या प्रमुख बाईने. प्रमुखपदाची खूण म्हणजे हरणाची शिंगं. माणूस वाकडा चालू लागला, तर तीनदा समज द्यायची, आणि मग ती शिंगं उतरवून घ्यायची. ही पद्धत आजही चालते. आता बायकांचा स्वर्गच होता, असं म्हणायचा मोह मी टाळते. लॅक्रॉस, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, त्यांना पवित्र, पण परंपरेने लाकडी काठीला बाईने हात लावायचा नाही. हेही तिथेच ऐकलं. असो, आपण कोण बोलणारे.

शेत मात्र पूर्ण बायकांचं. मातीचे उंचवटे करून त्यात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायचे. यांना म्हणतात तीन बहिणी. घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरतात, तण दाबतात. आमच्या आजीच्या रानातही मिश्र पीक असायचं, त्यामुळे हे समजायला इंग्रजी लागलं नाही. त्यांच्या कथेत आकाशातून एक बाई पडते, पक्षी तिला पंखांवर झेलतात, कासवाच्या पाठीवर माती पसरून पृथ्वी होते. पुढे तिची लेक बाळंतपणात जाते, आणि काही जण सांगतात त्याप्रमाणे, तिला पुरलं त्या जागी हे तिघं उगवतात. कासव ऐकून मला कूर्मावतार आठवला. पण आपल्या कासवाच्या पाठीवर मंदार पर्वत, इथे लेकीचं शेत.

पांढरा मका लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळला की साल सुटते. मग टोपलीत घालून खळखळून धुवायचा. नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा नावाचा रोग व्हायचा, कारण त्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागत नाही. राखेतला खार ते मोकळं करतो. कुणी शोधलं असेल? एखाद्या चुलीपाशी बसलेल्या बाईनेच, दुसरं कोण?

मग आम्ही शेजारच्या टेकडीवर चढलो. फोर्ट हिल. तिथे सेनेकांचं धान्याचं कोठार होतं. जुलै 1687 मध्ये न्यू फ्रान्सचा, म्हणजे इथल्या फ्रेंच वसाहतीचा, गव्हर्नर देनोनव्हिल सैन्य घेऊन आला. गाव रिकामं होतं, म्हणून त्याचे शिपाई कित्येक दिवस मका तोडत आणि जाळत बसले, उभाही आणि साठवलेलाही. 1779 मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमाने जनरल सलिव्हनने पुन्हा तेच केलं: 40 गावं आणि 1,60,000 बुशेल (हे तिकडचं धान्याचं माप) मका. वॉशिंग्टनचं सेनेका नाव आहे 'गाव उद्ध्वस्त करणारा'. ज्यांना कुळाचा पाया ठाऊक होता, त्यांनी बरोबर कणगीला हात घातला. टेकडीवर आज गुडघाभर गवत आणि वारा. फार वेळ उभं राहवलं नाही.

1794 मध्ये कॅननडेग्वा गावात अमेरिकन सरकार आणि ही सहा राष्ट्रं यांच्यात तह झाला. त्यात ठरलेलं कापड सरकार आजही दरवर्षी देतं. तहातली रक्कम तीच राहिल्याने आता मांजरपाटावर आलंय. तरी ते घेतात, कारण कापड आलं म्हणजे तह जिवंत आहे.

निघताना तिथल्याच प्रकल्पाचं भाजक्या पांढऱ्या मक्याचं पीठ घेतलं. घरी पिशवी फोडली, तर थेट भाजणीचा वास. रविवारी सकाळी आधी भाकरी थापून पाहिली, ती काठाला भेगाळून तुटली. मग थोडी कणीक, कांदा, कोथिंबीर, तिखट-मीठ घालून थालीपिठं लावली. जावयांनी चार खाल्ली.

"आई, मला घरजावई करून घ्या," ते म्हणाले.

लेकीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "आहेसच की. लोनवर पहिलं नाव माझं आहे."